आधुनिक कादंबरीचा ऑनलाइन अभ्यासक्रम : इंदुरात राहून केलेल्या वाचनाचा अनुभव

मागील सत्रात मी एका विद्यापीठाचा विसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रमाणपत्र हाती येऊन काही महिने लोटले आहेत आणि त्यातल्या काही कादंबऱ्या अजूनही वाचनात आहेत, त्यामुळे या अभ्यासक्रमाने काय दिले आणि काय राहून गेले, हे आता निश्चितपणे सांगता येईल. इंदुरात मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत मनापासून वाचणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु नोकरी आणि घर सांभाळून साहित्याचा शिस्तीने अभ्यास करू इच्छिणाऱ्यांना महाविद्यालयात रोज जाऊन बसणे शक्य होत नाही. अशा वाचकांसाठी हे लिहीत आहे. माझे मत प्रारंभीच नोंदवते : कादंबरी कशी बांधलेली असते, हे हा अभ्यासक्रम फार चांगले शिकवतो, ती कोणत्या गावात, कोणत्या माणसांत आणि कोणत्या वादांत घडली, हे मात्र त्याने बहुतेक ठिकाणी वाचकावरच सोडले आहे.

अभ्यासक्रम 12 आठवड्यांचा होता आणि त्यात सहा कादंबऱ्या नेमल्या होत्या : जोसेफ कॉनराड यांची 'हार्ट ऑफ डार्कनेस' (मासिकातून 1899, पुस्तकरूपाने 1902), ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टू इंडिया' (1924), व्हर्जिनिया वूल्फ यांची 'मिसेस डॅलोवे' (1925), मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' (1935), चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958) आणि सलमान रश्दी यांची 'मिडनाइट्स चिल्ड्रन' (1981). निवड विचारपूर्वक केलेली आहे, वेळापत्रक मात्र तसे नाही. शंभरेक पानांच्या कॉनराडला दोन आठवडे आणि पाचशेहून अधिक पानांच्या रश्दींनाही दोनच आठवडे, ही विभागणी कागदावर समान दिसते, पण दिवसभर नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटची कादंबरी त्या अवधीत वाचून होत नाही. चर्चामंचावरील नोंदी पाहता, अनेकांनी ती सारांशावरच भागवली असावी.

या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे 'मिसेस डॅलोवे'वरील व्याख्याने. जून महिन्यातला एकच दिवस, लंडन शहर, आणि संध्याकाळच्या मेजवानीची तयारी करणारी एक स्त्री. एवढ्या ऐवजावर उभी असलेली ही कादंबरी मी पूर्वी एकदा अर्ध्यावर सोडली होती, कारण कोणाच्या मनात काय चालले आहे याचा धागा पुनःपुन्हा निसटत असे. प्राध्यापिकांनी आरंभीचा एकच प्रसंग, आकाशात विमान अक्षरे उमटवते आणि रस्त्यावरची माणसे मान वर करून ती वाचू पाहतात तो, जवळजवळ संपूर्ण व्याख्यानभर ओळीओळीने वाचून दाखवला. निवेदन एका मनातून दुसऱ्या मनात कोणत्या शब्दावर सरकते, विमानाचा आवाज किंवा बिग बेनचे ठोके यांसारखी सर्वांना एकाच वेळी ऐकू येणारी गोष्ट त्या संक्रमणासाठी पुलासारखी कशी वापरली जाते, हे त्यांनी प्रत्येक ठिकाणी थांबून दाखवले. वर्गातील व्याख्यानात असा प्रसंग एकदाच कानावर पडतो. येथे चित्रफीत थांबवून पुस्तकाच्या समासात पेन्सिलने खुणा करता आल्या, आणि पुढील पन्नास पाने त्याच रीतीने स्वतः वाचून पाहता आली. क्लॅरिसा, म्हणजे मेजवानी देणारी मिसेस डॅलोवे, आणि युद्धाने मन उद्ध्वस्त झालेला सेप्टिमस एकमेकांना कधीही भेटत नाहीत. त्याच्या मृत्यूची बातमी तिला मेजवानीत तिऱ्हाइताकडून कळते. ही रचना कादंबरीचा कणा आहे, आणि ती समजल्यानंतर पुस्तकातील एकही परिच्छेद सैल वाटेनासा झाला. संज्ञाप्रवाह (पात्राच्या मनातील विचारांचा ओघ तसाच मांडण्याची रीत) ही संज्ञा मराठी समीक्षेतून मला माहीत होती, परंतु ती प्रत्यक्ष वाक्यात कशी काम करते, हे मला या व्याख्यानांनी शिकवले.

कॉनराड आणि अचेबे यांचा अभ्यासही समाधानकारक झाला. अचेबे यांनी 1975 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात कॉनराडच्या या कादंबरीवर वर्णद्वेषाचा स्पष्ट आरोप केला होता; ते व्याख्यान वाचनसाहित्यात दिले होते आणि त्याच्या बाजूने व विरोधात दोन्ही प्रकारचे युक्तिवाद मांडून विद्यार्थ्यांना निर्णय स्वतः घेण्यास सांगितले होते.

फॉर्स्टरच्या कादंबरीपाशी मात्र मला प्रथमच उणीव जाणवली, आणि ती केवळ इंदूरकर असल्यामुळे जाणवली असे मी म्हणणार नाही. 'अ पॅसेज टू इंडिया'चा तिसरा भाग 'मंदिर' या नावाचा आहे. एका संस्थानी नगरात गोकुळाष्टमीचा उत्सव चालला आहे, एकाच वेळी अनेक बाजूंनी संगीत वाजत आहे, आणि प्राध्यापक गोडबोले टाळकऱ्यांसह तुकारामाचे नाव घेऊन तल्लीन होऊन गात आहेत. व्याख्यानात हा भाग 'पूर्वेकडील गूढवाद' म्हणून थोडक्यात संपवला गेला, आणि तुकारामांची ओळख 'एक संत' या दोन शब्दांत झाली. वस्तुतः हा उत्सव फॉर्स्टरने येथून 35-40 किलोमीटरवर असलेल्या देवास येथे प्रत्यक्ष पाहिला होता. 1912-13 च्या पहिल्या भारतभेटीत तो देवासला आला होता आणि 1921 मध्ये काही महिने देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे (शाखेचे) महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव म्हणून तेथेच राहिला होता. या कादंबरीचे अपुरे हस्तलिखित त्या वेळी त्याच्याजवळ होते. ते इंग्लंडला परतल्यावर पूर्ण झाले. त्या उत्सवाविषयीची त्याची पत्रे पुढे 1953 मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात प्रसिद्ध झाली, आणि त्या शीर्षकातली टेकडी म्हणजे देवासला जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणारी चामुंडा मातेची टेकडी होय.

ही माहिती केवळ स्थानिक अभिमानाची बाब असती, तर मी ती येथे लिहिली नसती. तिच्यामुळे अर्थ बदलतो. देवासचा दरबार मराठी होता; तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई होते. त्या दरबारातील अष्टमीच्या उत्सवात भजन होणार ते तुकारामांचे नाव घेऊनच, यात गूढ असे काहीच नाही. देहूच्या वाण्याची वाणी सरदारांच्या मागोमाग माळव्यात आली आणि येथे स्थिरावली, या इतिहासाचा तो सहज परिणाम आहे. कादंबरीच्या आधीच्या दोन भागांत मशीद आणि गुहा यांच्या आधारे माणसामाणसांतील संशय वाढत जातो, आणि तिसऱ्या भागात एक चित्पावन प्राध्यापक एका ब्राह्मणेतर संताला आई-बाप म्हणून आळवतो. जातीची, दर्जाची, परक्या-आपल्याची सीमा जेथे काही क्षण विरते, अशी ती कादंबरीतील एकमेव जागा आहे. ज्याने घरी हरिपाठ आणि अभंग ऐकले आहेत, त्याला हे व्याख्यात्याच्या आधी कळू शकते. मी हे सविस्तर टिपण चर्चामंचावर लिहिले. त्यानंतरच्या थेट सत्रात प्राध्यापिकांनी तो मुद्दा घेऊन 'मंदिर' भागाकडे पुन्हा वळून चर्चा केली. त्यांच्या या मोकळेपणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

'अनटचेबल'च्या बाबतीत असाच अनुभव आला, आणि तो अधिक गंभीर आहे. बखा नावाच्या सफाई कामगार मुलाच्या आयुष्यातील एका दिवसाची ही कथा असून तिला फॉर्स्टरचीच प्रस्तावना आहे. तंत्राच्या दृष्टीने ती 'मिसेस डॅलोवे'च्या शेजारी ठेवून शिकवली गेली, कारण दोन्हींत एकच दिवस आहे. ही तुलना फलदायी आहे. वूल्फच्या पात्रांना शहरभर भटकता येते आणि मनही मोकळे भटकते. बखाचे मन मात्र रस्त्यावर कोणाला स्पर्श तर झाला नाही ना, या धास्तीने पुनःपुन्हा शरीरापाशी खेचले जाते. हे विवेचन उत्कृष्ट होते. परंतु कादंबरीच्या शेवटी बखासमोर जे तीन मार्ग येतात, मिशनरी, गांधीजी आणि मैला वाहून नेणारे यंत्र, त्यांवर संपूर्ण व्याख्यान होऊनही चौथ्या, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या मार्गाचा उल्लेख झाला नाही. बखाची बहीण सोहिनी विहिरीजवळ, कोणी सवर्ण पाणी वाढेल या आशेवर तिष्ठत उभी राहते, तो प्रसंग शिकवताना 20 मार्च 1927 चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगितलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ज्या वर्षी ही कादंबरी प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. पाणी मिळण्याची वाट पाहणे आणि पाणी स्वतःच्या ओंजळीने घेणे, यांतील अंतर समजल्याखेरीज कादंबरीने काय मांडले आणि काय मांडले नाही, याचा निवाडा होऊ शकत नाही. बाबासाहेबांचे जन्मस्थान महू आमच्या शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवर आहे. आम्ही तिघी-चौघी ज्या रविवारी रामबागेत एकत्र बसून अभ्यास करत असू, त्यांतील सर्वांत दीर्घ चर्चा याच प्रसंगावर झाली.

'मिडनाइट्स चिल्ड्रन'विषयी थोडक्यात लिहिते, कारण अभ्यासक्रमानेच तिला थोडक्यात उरकले. चुका करणारा, तपशील चुकीचे सांगणारा निवेदक ही संकल्पना चांगली समजावली गेली. मात्र मुंबईतील संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात नायक सायकलसह जाऊन आदळतो, त्या प्रकरणाला स्पर्शही झाला नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी इंदूर मध्य प्रदेशात गेले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र स्थापन झाला. भाषेच्या सीमेबाहेर राहिलेल्या मराठी कुटुंबांना ते प्रकरण फार जवळचे वाटेल.

मूल्यमापन हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत दुबळा भाग आहे. साप्ताहिक बहुपर्यायी प्रश्नांत पात्रांची नावे, प्रकाशनवर्षे आणि संज्ञांच्या व्याख्या विचारल्या जातात. कादंबरी न उघडताही त्यांत चांगले गुण मिळू शकतात. निबंध सहाध्यायींनी एकमेकांचे तपासावयाचे असतात. कल्पना चांगली आहे, परंतु मला मिळालेले बहुतेक अभिप्राय एका ओळीचे होते, आणि तपासणीसाठी आलेल्या काही निबंधांतील परिच्छेद एकमेकांशी इतके जुळणारे होते की ते यंत्राकडून लिहून घेतले असावेत, अशी शंका आली. अंतिम परीक्षेत मात्र एक अनोळखी उतारा देऊन त्यातील निवेदनाचे विश्लेषण करण्यास सांगितले होते. असा एक प्रश्न दर दोन आठवड्यांनी दिला, तर हा अभ्यासक्रम कितीतरी पटींनी कसदार होईल.

पुस्तकांच्या बाबतीत काही व्यावहारिक माहिती उपयोगी पडेल. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. कॉनराड 1924 मध्ये आणि वूल्फ 1941 मध्ये निवर्तल्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या इंटरनेटवर विनामूल्य आणि कायदेशीरपणे वाचता येतात. फॉर्स्टर 1970 मध्ये गेला, त्यामुळे त्याची कादंबरी आणि उरलेल्या तीन कादंबऱ्या विकत घ्याव्या लागतात किंवा ग्रंथालयातून मिळवाव्या लागतात. मोबाइलच्या पडद्यावर वूल्फ वाचण्याचा प्रयत्न करू नये. लांब वाक्ये पडद्यावर तुटतात आणि लय हरवते. नोंदणी झाल्याबरोबर 'मिडनाइट्स चिल्ड्रन' वाचावयास घ्यावी, म्हणजे शेवटच्या दोन आठवड्यांत ती पुन्हा चाळता येईल. आणि प्रत्येक कादंबरी आधी वाचून मगच व्याख्यान ऐकावे. व्याख्यान आधी ऐकले, तर शिक्षकांनी दाखवलेल्या जागांपलीकडे डोळा जात नाही. 'मंदिर' भागातील तुकाराम मला दिसले, ते त्यावरील व्याख्यान मी तोपर्यंत ऐकले नव्हते म्हणूनच.

ज्यांना केवळ क्रेडिट हवे आहेत, त्यांना हा अभ्यासक्रम सोपा जाईल. ज्यांनी मराठी कादंबरी गांभीर्याने वाचली आहे, त्यांना तो अधिक लाभेल, कारण विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण'मधील (1939) जहाजावर युरोपातून हाकलल्या गेलेल्या ज्यूंचे जे जग आहे, किंवा भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (1963) पांडुरंग सांगवीकर ज्या स्वरात स्वतःविषयी बोलतो, ते आता मला अधिक सूक्ष्मपणे वाचता येते. अभ्यासक्रमाच्या शेवटी भरावयाच्या अभिप्रायपत्रात मी दोन सूचना लिहिल्या आहेत : 'कोसला'चा इंग्रजी अनुवाद उपलब्ध असल्यामुळे तिचा समावेश सातवी कादंबरी म्हणून करावा आणि त्यासाठी अभ्यासक्रम दोन आठवड्यांनी वाढवावा, आणि 'अनटचेबल'च्या वाचनसाहित्यात महाडच्या सत्याग्रहाविषयीचे बाबासाहेबांचे लेखन जोडावे. पुढील सत्राची नोंदणी करणाऱ्या वाचकांनीही या दोन सूचना आपापल्या अभिप्रायात आवर्जून लिहाव्यात, अशी माझी विनंती आहे.