उतारावरची यंत्रं, ११ महिने वापरल्यावर : सगळ्यात कामाची निघाली शिट्टीवाली टेप

आधीच सांगतो, मी काय भूगर्भशास्त्रज्ञ नाही. डिप्लोमा सिव्हिल, साइटवर यंत्रांची रीडिंग घेणं आणि एक्सेलमध्ये भरणं हे माझं काम. महाडच्या वरच्या अंगाला घाटरस्त्याचा एक उतार आहे, खाली पंधरा-वीस घरांची वाडी. तळिये गाव दरडीखाली गेलं २२ जुलै २०२१ ला, त्याच पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पडला होता, तेव्हापासून या पट्ट्यात डोंगराला जरा भेग दिसली की लोकांची झोप उडते आणि ती उडायलाच पाहिजे. आमच्या उताराला अशीच भेग पडलेली, म्हणून फेब्रुवारीत यंत्रं बसवली. आता डिसेंबर संपत आलाय, एक अख्खा पावसाळा गेलाय, तर लिहितो.

पहिलं इनक्लिनोमीटर, जमीन आत किती खोलीवर किती सरकली ते दाखवणारं, आणि सगळ्यात महागडं बाळ. ३० मीटर भोक पाडायचं, त्यात आतून चार खाचा असलेला एबीएस प्लास्टिकचा पाइप ग्राउट करून, म्हणजे भोवती सिमेंटचा घोळ भरून बसवायचा आणि चाकांचा प्रोब, म्हणजे कल मोजणारी नळी, तळापर्यंत सोडून दर अर्ध्या मीटरला थांबत वर ओढायचा. मग प्रोब १८० अंशात फिरवून पुन्हा तेच. एका भोकाला १२० रीडिंग, हात बसला तरी पाऊण तास जातोच. यंत्र म्हणून तक्रार नाही, तळ पक्क्या कातळात पाच मीटर घुसवलाय तो हलत नाही, आलेख छान येतो. पण हे यंत्र माणसाच्या हाताची परीक्षा बघतं. केबलवर अर्ध्या मीटरला जी खूण असते ती मदतीच्या पोराने एकदा एक चुकवली आणि आलेखात डोंगर अचानक नागमोडी दिसायला लागला, माझ्या पोटात गोळाच आला. नंतर चेकसम बघितला, म्हणजे सरळ आणि उलट्या रीडिंगची बेरीज, ती खालपासून वरपर्यंत जवळपास सारखी यायला पाहिजे, ती एका जागेनंतर उड्या मारत होती, तेव्हा कळलं डोंगर जागेवर आहे, पोरगा घसरलाय. तेव्हापासून चेकसम बघितल्याशिवाय कुणाला फोन करायचा नाही हा नियम. आणि प्रोब तळाशी दहा मिनिटं ठेवा, तापमान स्थिरावू द्या, घाई केली की पहिली रीडिंग बोंबलतात.

दुसरं व्हायब्रेटिंग वायर पिझोमीटर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर. आत ताणलेली तार असते, पाण्याचा दाब बदलला की तारेची कंपनसंख्या बदलते, लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारी पेटी, ती तासातासाला नोंदवतो. रात्री दोन वाजता धो धो पावसात उतारावर कोण जाणार, तिथे याला तोड नाही. शिवाय चिकट मातीत साधा स्टँडपाइप, म्हणजे पाण्याची पातळी मोजायला भोकात बसवलेला उघडा पाइप, मागे राहतो, कारण पाइप भरायला तेवढं पाणी आत झिरपावं लागतं, याला ते लागत नाही. पण बसवायच्या आधी फिल्टर बादलीत नीट भिजवून सावलीत झिरो रीडिंग, म्हणजे पाण्याचा दाब नसतानाचा आकडा, घ्यायला पाहिजे, आमचा एक सेन्सर उन्हात तापलेला असताना झिरो घेतला आणि तो पहिल्या दिवसापासून खोटं बोलतोय. हवेच्या दाबाचीही वजाबाकी करावी लागते, एक मिलीबार म्हणजे साधारण एक सेंमी पाणी, पावसाळी हवेत हे विसरलं तर दहा सेंमीचा फरक सहज पडतो. वर जूनच्या पहिल्या गडगडाटात वीज पडून लॉगरचा एक चॅनल, म्हणजे एका सेन्सरची जोडणी, गेला. अर्थिंगची सळई कोरड्या मुरमात नुसती खोचलेली होती, आमचीच चूक.

आता शिट्टीवाली टेप. कागदावर डिप मीटर, स्टँडपाइपमधलं पाणी किती खाली आहे ते मोजायची. रीळ, मिलिमीटरच्या खुणांची चपटी टेप, टोकाला इलेक्ट्रोडचा प्रोब, आत नऊ व्होल्टची बॅटरी. पाण्याला टेकलं की पीं. वाडीतले काका याला शिट्टीच म्हणतात, दर सोमवारी विचारतात, "काय रे पोरा, आज किती खाली वाजली?" इनक्लिनोमीटरच्या किमतीपुढे ही अगदीच चिल्लर.

सुरुवातीला मी हिला वैतागलेलो. पाइपच्या आतल्या ओलीला लागली तरी वाजते. त्याला उपाय म्हणजे सेन्सिटिव्हिटीचं बटण कमी करायचं, तीनदा खालीवर करायचं आणि खाली जाताना ज्या क्षणी वाजते तोच आकडा धरायचा. मोजायचं कायम पाइपच्या तोंडावरच्या एकाच खुणेपासून, आम्ही लाल नेलपॉलिश लावलंय, पावसात टिकतं.

मग मे महिन्यात गंमत झाली. पाइप आरीने कापलेला, तोंडाला धार राहिलेली, तिच्यावर घासून दोन मीटरच्या खुणेजवळ टेपचं आवरण सोललं. दुरुस्तीला दिली, आठ दिवसांत आली, मस्त चालू. पुढच्या सोमवारी पाचही भोकांत पाणी बरोब्बर १८ सेंमी खाली! पाच भोकं, पाच वेगळ्या खोल्या, आणि उतरणार सगळी सारखीच? दुरुस्तीवाल्याने सोललेला तुकडा कापून टेप जोडली होती आणि १८ सेंमीच्या खुणा त्या तुकड्याबरोबर गेल्या होत्या, एका शब्दाने सांगितलं नाही. स्टीलच्या टेपशेजारी अंगणात पसरवली तेव्हा दिसलं. आता रिळावर मार्करने लिहिलंय : वजा १८.

स्टँडपाइप क्रमांक ३ ची कहाणी वेगळी. पाऊस पडला की तासाभरात हा काठोकाठ. पहिल्यांदा वाटलं उतारच भरला. पण शेजारचे दोन्ही पाइप शांत. भोक भरताना ठेकेदाराच्या माणसांनी वरच्या भागात बेंटोनाइटच्या, म्हणजे ओली झाली की फुगून भोक बुजवणाऱ्या मातीच्या, गोळ्या टाकायच्या सोडून निघालेलाच मुरूम ढकलला होता, म्हणजे तो पिझोमीटर नव्हताच, पावसाचं डबकं होतं. त्याची रीडिंग आता आम्ही धरत नाही. पैसे देताना बेंटोनाइटच्या रिकाम्या गोण्या मोजून घ्या एवढंच म्हणेन.

खरी परीक्षा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. आमच्याकडे वर जांभा, खाली कुजका खडक, आणि अकरा मीटरवर बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा, त्याला रेड बोल म्हणतात, ओला झाला की साबणच. टेपवर स्टँडपाइप क्रमांक १ चं पाणी पाच दिवसांत ९.२ मीटरवरून ४.१ मीटरवर आलं. इनक्लिनोमीटर तोपर्यंत गप्प होता. सातव्या दिवशी बरोबर अकरा मीटरवर ५ मिमीचा टप्पा दिसला. हे असंच होणार, पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, मग जमीन सरकते, म्हणजे आधी पाणी बोलतं आणि मग डोंगर. तेव्हा सरकलेलं मोजण्यापेक्षा चढणारं पाणी मोजलं तर हातात दोन दिवस जास्त मिळतात. आता म्हणाल लॉगर होता की! होता, पण उन्हात झिरो घेतलेला सेन्सर पाणी ६ मीटरवर सांगत होता आणि दुसरा चॅनल वीज पडून मेलेला. लॉगर खरं बोलतोय का, हे विचारायला शेवटी टेपच सोडावी लागली.

काकांनी तो टप्पा दिसायच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं की खालची उपळ, म्हणजे झरा, गढूळ झालीय. ते मी वहीत लिहिलं होतं, रिपोर्टमध्ये नाही. आता रिपोर्टमध्ये त्याचा रकाना केलाय.

या आकड्यांमुळे वाडी हलवली, चार रात्री लोक शाळेत झोपले. दरड आली नाही, पाऊस उघडला, पाणी उतरलं, इनक्लिनोमीटर ५ मिमीवर थांबला. दोन-चार जण माझ्यावर चिडले, गुरं वर बांधलेली राहिली म्हणून. चालायचंच.

बाकी थोडक्यात. टोटल स्टेशन (दुरून अंतर आणि कोन मोजणारी दुर्बीण) आणि उतारावर लावलेले तिचे प्रिझम : उन्हाळ्यात झकास, जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही तर प्रिझम काय दिसणार. उपग्रहाचं इन्सार (रडारने जमिनीची हालचाल मोजणं) : सेंटिनेल-१ च्या एका उपग्रहाची बारा दिवसांची फेरी, त्यात पावसाळ्यात झाडोरा माजला की सिग्नल विसकटतो, उघड्या जमिनीवर बरं. भेगेच्या दोन्ही बाजूंना ठोकलेल्या दोन लोखंडी खुंट्या आणि साधी टेप : खर्च शून्य, आणि वाडीतली आठवीतली पोरगीसुद्धा मोजते, तिचे आकडे माझ्यापेक्षा नियमित. पर्जन्यमापक : बकेटमध्ये मुंग्यांनी घर केलं की डोंगरात दुष्काळ पडतो, आठवड्याला उघडून बघा.

तारे द्यायचेच तर इनक्लिनोमीटर ४, व्हायब्रेटिंग वायर साडेतीन (अर्थिंग नीट असेल तर साडेचार), टेप ५. दुसरी टेप मागवलीय, ५० मीटरची, १०० ची घेऊ नका, रीळ पाठीवर घेऊन उतार चढायचा असतो. आणि ती आल्यावर पहिलं काम, पाइपाच्या तोंडांची धार कानसने मारायची.