‘द मार्शियन’: आठ महिने, तीन वाचनं आणि चार वाचकांनंतर

‘द मार्शियन’ पहिल्यांदा वाचून संपवली त्याच रात्री लिहायला बसले होते. दोन परिच्छेद झाले आणि हात थांबला. त्यात ‘खिळवून ठेवते’, ‘खाली ठेववत नाही’ याच्यापुढे काही येईना, आणि तेवढं तर कुठल्याही वेगवान कादंबरीबद्दल म्हणता येतं. म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत. आता आठ महिने झालेत. एवढ्यात कादंबरी तीनदा झाली: एकदा छापील, एकदा ऐकून आणि तिसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन सावकाश. मधल्या काळात माझी प्रत ताईकडे गेली, तिच्याकडून भाच्याकडे आणि मग रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे. चौघांची चार मतं झाली. माझं पहिलं मतही आता बदललंय, म्हणून हा लेख.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अँडी वीअर यांची ही कादंबरी. सहा जणांची मोहीम मंगळावर ३१ सोल राहणार असते (सोल म्हणजे मंगळावरचा दिवस, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा). सहाव्याच सोलला वादळ येतं, मार्क वॉटनी गेला असं समजून बाकीचे पाच जण निघून जातात, आणि हा शुद्धीवर येतो तेव्हा आख्ख्या ग्रहावर एकटा असतो. पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि इंजिनिअर. पुढचं बरंचसं त्याच्याच नोंदवहीतून कळतं. इथून पुढे कथानकातल्या गोष्टी येणार आहेत, तेव्हा नव्याने वाचणाऱ्यांनी हवं तर इथेच थांबावं.

ताईचं मत मला सर्वांत आधी मिळालं आणि तेच सर्वांत जास्त टोचलं. निम्मी वाचून तिने फोन केला. “अगं, ह्याला घरची आठवण येत नाही का? एकटा माणूस, मरण समोर उभं, आणि ह्याचं आपलं बॅटरी, ऑक्सिजन, बटाटे. ‘मी’ ‘मी’ म्हणून एवढं लिहितोय, पण त्या ‘मी’च्या आत काही दिसतच नाही.” ही तक्रार एकट्या ताईची नाही. ही कादंबरी न आवडलेल्या बहुतेक वाचकांचं म्हणणं याच अंगाने जातं: नायक विनोद करतो, हिशोब करतो, पण रडत नाही, तुटत नाही. पहिल्या वाचनानंतर मलाही हे पटलं होतं. आज पटत नाही.

कारण सांगते. आपण प्रथमपुरुषी कादंबरी वाचतो तेव्हा एक गोष्ट गृहीत असते, की सांगणारा वाचलाय म्हणूनच सांगतोय. इथे ती हमी नाही. ही मागे वळून सांगितलेली हकिकत नाही, त्या त्या दिवशी केलेली नोंद आहे. उद्याची नोंद होईलच असं नाही, आणि आपण मेल्यावर कुणाला तरी ही वही सापडेल हे धरूनच तो लिहितो. असा माणूस समोरच्याला काय दाखवेल? आपण आजारी असताना फोनवर ‘बरा आहे’ म्हणतो तसंच. वॉटनीची भीती तो लिहितो त्यात नाहीच, तो कशाकशाची बेरीज करतो त्यात आहे. हे मला कळलं ते भाच्यामुळे.

भाचा सोळा वर्षांचा. त्याने माझ्या प्रतीच्या समासात पेन्सिलने गणितं करून ठेवली. आधी राग आला, मग एकेक पान उलटत गेले तशी गुंतत गेले. बटाट्यांचा हिशोब येतो तिथे वॉटनी किलोला ७७० कॅलरी धरतो आणि स्वतःला दिवसाला १५०० लागतील असं म्हणतो. समासात भागाकार, उत्तर १.९५ आणि त्याखाली तीनदा अधोरेखित केलेलं: ‘रोज जवळपास दोन किलो! नुसते बटाटे!’ मी ते पान पहिल्यांदा दहा सेकंदांत उलटलं होतं. त्या पेन्सिलीच्या ओळीमुळे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं, की हा माणूस वर्षभराहून जास्त काळ रोज दोन किलो बटाटे खायची तयारी करतोय, आणि तेही पीक आलं तर. तो ‘मला जगायचंय’ असं लिहीत नाही, दोनाने गुणतो.

आणखी एक पान. पाथफाइंडर हे खरंखुरं यान ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर अखेरीस त्याचा संपर्क तुटला. वॉटनी ते जाऊन उचलून आणतो आणि त्याच्या फिरत्या कॅमेऱ्याने पृथ्वीशी बोलायची युक्ती काढतो: भोवती गोलात कार्डं लावायची आणि कॅमेरा ज्या कार्डाकडे वळेल ते अक्षर. इंग्रजीची २६ अक्षरं आणि एक प्रश्नाचं कार्ड अशी २७ कार्डं लावली तर प्रत्येकाला जेमतेम १३ अंश मिळतात, नेमकं कुठलं कार्ड ते कळणं अवघड. म्हणून तो सोळा चिन्हांच्या हेक्साडेसिमल पद्धतीवर येतो. १७ कार्डं, प्रत्येकाला २१ अंश, दोन चिन्हांचं एक अक्षर. भाच्याने ते वर्तुळ कंपासने काढून पाहिलंय. पहिला शब्द येईपर्यंतची ती वाट पाहणं मला तिन्ही वेळा तितकंच लागलं. पृथ्वी आणि मंगळ यांच्या अंतराप्रमाणे संदेशाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात. कॅमेरा एक घर वळायचा आणि हा बसून राहणार. तिथे एकटेपणावर एक वाक्य नाही. गरजही नाही.

मग ११९ वा सोल. पीक उभं आहे, पृथ्वीशी बोलणं सुरू आहे, आणि निवाऱ्याचं कापड एका जागी फाटून एअरलॉक (आतबाहेर करायची हवाबंद खोली) उडून जातो. बटाट्याची झाडं एका फटक्यात गोठून मरतात. या प्रसंगाआधी लेखकाने नोंदवही बाजूला ठेवलीय आणि त्या कापडाचीच गोष्ट सांगितलीय: ते कारखान्यात कसं विणलं गेलं, कसं तपासलं, कसं मंगळावर पोचलं, दाबाच्या चढउतारात त्याचे धागे कसे दमत गेले. वाचताना आपल्याला आधी कळतं की आता काय होणार, आणि आत बसलेल्या माणसाला पत्ताच नसतो. आख्ख्या कादंबरीत ‘मी’ सोडल्याचा सर्वांत मोठा फायदा मला इथे झालेला दिसला. भाच्याच्या पेन्सिलीची एक खूण या पानांवर नाही. विचारलं तर म्हणाला, “मावशी, तिथे गणित करावंसं वाटलंच नाही.”

नासातली प्रकरणं मात्र तिसऱ्या वाचनात मी चाळत गेले, हे स्पष्ट लिहिते. तिथली माणसं एकमेकांना माहिती पुरवण्यासाठी बोलतात, त्यांचे आवाज वेगळे कळत नाहीत. मिंडी पार्क तेवढी लक्षात राहिली. रात्रपाळीत उपग्रहाची छायाचित्रं पाहताना, मेलेल्या माणसाच्या तळावर वस्तू हललेल्या आहेत हे तिच्या ध्यानात येतं. ती दोनतीन पानं फार चांगली आहेत. बाकी बैठका आणि पत्रकार परिषदा कमी असत्या तरी चाललं असतं. ताईला नेमकं उलटं वाटलं, तिला त्या प्रकरणांमुळेच श्वास घेता आला म्हणे. तेही समजू शकते.

मैत्रिणीचं मत शास्त्राबद्दलचं. वादळ तिला अजिबात पटलं नाही. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तेव्हा ताशी १७५ किलोमीटरचं वादळ आलं तरी अंगाला हलका वारा लागल्यासारखं होईल, यान कलंडायचं लांबच. ही चूक जाणूनबुजून केल्याचं वीअर यांनी स्वतः सांगितलंय, निसर्गानेच पहिला घाव घालायला हवा होता म्हणून. मातीचंही तसंच: मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट क्षार आहेत हे फिनिक्स यानाने २००८ मध्ये दाखवलं, ते शरीराला घातक आहेत, आणि कादंबरीत त्यांचा विचार नाही. ते पाण्यात विरघळतात, म्हणजे माती धुऊन घेता आली असती, असंही तिनेच सांगितलं.

पण हायड्रॅझिनपासून पाणी करण्याचा भाग तिला इतका आवडला, की ज्वलन शिकवताना ती आता तोच सांगते. यानाचं उरलेलं इंधन, त्यातून सुटा केलेला हायड्रोजन, तो जाळून पाणी. वॉटनी सगळं मोजतो आणि स्वतःचा श्वास विसरतो. आपण आत घेतलेला ऑक्सिजन सगळा वापरत नाही. साध्या हवेत २१ टक्के आत जातो आणि १६ टक्क्यांच्या आसपास बाहेर येतो. त्याच्या मुखवट्यातून बाहेर पडणारा हा उरलेला ऑक्सिजन हायड्रोजनने भरलेल्या खोलीत जमतो आणि स्फोट होतो. मैत्रीण म्हणाली, “मुलांना हे समीकरण पाठ करायला लागत नाही, कारण त्यातला माणूस त्यांना आवडलेला असतो.” या कादंबरीबद्दल ऐकलेल्या सगळ्या मतांमध्ये मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली आणि तिने बराच उलगडा केला. वीअर यांनी ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट दिली होती. वाचक चुका कळवायचे, ते दुरुस्त करायचे. वाचकांनीच मागितली म्हणून २०११ मध्ये किंडलवर आली, आणि मोठ्या प्रकाशकाकडून छापील रूपात २०१४ मध्ये. प्रत्येक प्रकरण एखाद्या संकटावर का संपतं आणि हिशोब इतके उघडे का मांडलेत, हे यातून कळतं. उत्तर तपासणारे वाचक समोर बसलेले होते.

आता आठ महिन्यांत काय झिजलं तेही लिहायला हवं. विनोद झिजले. कमांडरची डिस्को गाणी आणि सत्तरच्या दशकातल्या मालिका यांवरची त्याची चिडचिड पहिल्यांदा मजेदार वाटते, दुसऱ्यांदा ओळखीची, तिसऱ्यांदा नजर पुढे सरकते. उलट जी पानं आधी लक्षातही आली नव्हती ती वर आली. लांबच्या प्रवासात गाडी सौर पट्ट्यांवर चार्ज होत असते आणि तो तासन् तास नुसता बसलेला असतो. जिथे जाईन तिथे पोचणारा मीच पहिला, असं तेव्हा त्याच्या मनात येतं. आणि एका सहकाऱ्याला तो कळवतो, की मी गेलो तर माझ्या आईवडिलांना भेटून ये, त्यांना मंगळाबद्दल तुझ्या तोंडून ऐकायला आवडेल. हे मी ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, “हे मी कसं काय विसरले?” विसरायला होतं, कारण दोनच ओळींनी तो परत कामाला लागतो.

नोंदींच्या मधल्या जागाही आता मला दिसतात. सोलचे आकडे पाहत वाचा. कधी एकाच दिवशी दोन-दोन नोंदी, कधी मधले कितीतरी दिवस काहीच नाही. शेवटी मंगळ सोडतो तो ५४९ वा सोल, भाच्याच्या हिशोबाने पृथ्वीचे ५६४ दिवस. त्यातल्या न लिहिलेल्या दिवसांचं काय झालं, हे ‘मी’ सांगत नाही.

ऐकायची आवृत्ती घ्यावी का, असं दोघातिघांनी विचारलं. मी ऐकली ती आर. सी. ब्रे यांच्या आवाजातली. पडलेला आवाज, उसना आणलेला उत्साह, शिव्या हे सगळं कानाने जास्त खरं वाटलं. पण आकडे हातातून निसटतात, हेक्साडेसिमलचा भाग तर नुसता ऐकून कळणं कठीण. पहिल्यांदा छापील वाचा, मग ऐका. शिव्या भरपूर आहेत, पहिल्या ओळीपासून. लहान मुलांना द्यायची असेल तर भाषा सौम्य केलेली शालेय आवृत्तीही निघालेली आहे. २०१५ चा चित्रपट चांगला आहे, पण तो नंतर पाहावा, कारण त्यात चेहरा दिसतो आणि चेहऱ्यावर भीती लगेच कळते. कागदावर ती शोधावी लागते.

माझी प्रत सध्या परत ताईकडे आहे. पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या नाहीत असं सांगून दिलीय.