मोत्याची खरूज आणि राजारामपुरीतील दवाखाना

आमच्या मोत्या कुत्र्याच्या कोपरांवरचे केस गळून कातडी खवल्यांची झाली, कानांच्या कडा सोलल्या, तरीही आधीच्या एका दवाखान्यात तपासणी न करताच ॲलर्जी समजून त्याला तीन आठवडे स्टेरॉइड दिले गेले. राजारामपुरीतील या दवाखान्यात मात्र डॉक्टरांनी त्वचा खरवडून नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. खरजेचा किडा सहजासहजी सापडत नाही, म्हणून पहिले दोन नमुने निर्दोष निघाल्यावरही ते थांबले नाहीत आणि तिसऱ्यातला गोलसर, आखूड पायांचा किडा त्यांनी मलाही दाखवला. महिन्यातून एकदा खायची गोळी सुरू झाली. माणसालाही या किड्यामुळे खाज सुटू शकते, म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुण्यास त्यांनी बजावले. संध्याकाळी बराच वेळ ताटकळावे लागते. पण खरवडताना मोत्याचे डोके माझ्या मांडीवर राहू दिले, हे मला फार मोलाचे वाटले.