‘डिफेंडर बंद करा’ म्हणाले, मी केला

गेल्या एप्रिलची गोष्ट. कराडला आमचं घरातच डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, झालंच तर कुणाच्या मुलाचा बायोडेटा. मुहूर्त तोंडावर आले होते आणि संगणक इतका सुस्तावला होता की पत्रिका रचायच्या कोरल ड्रॉवर क्लिक करून मी आत जाऊन कुकर लावून यायचे. एका रात्री साडेअकराला वैतागून गूगलवर ‘कॉम्प्युटर स्लो’ असं काहीतरी टाकलं आणि सगळ्यात वरची ओळ दाबली. ती ओळ म्हणजे जाहिरात होती. तसं तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. दिवसभर लोकांच्या पत्रिकांमधली बारीक अक्षरं तपासणाऱ्या बाईने तेवढं वाचलं नाही.

त्या पानावरचे पहिले दोन-तीन परिच्छेद चक्क खरे होते. डिस्क भरली की संगणक का रेंगाळतो, सुरुवातीलाच उघडणारे प्रोग्राम कसे कमी करायचे, वगैरे. तिथेच विश्वास बसला. खाली हिरवं बटण होतं: दुरुस्तीचं सॉफ्टवेअर, स्कॅन मोफत.

फाइल उघडायला गेले तर निळी चौकट आली, विंडोजने तुमच्या पीसीचं रक्षण केलं अशा अर्थाची. ‘मोअर इन्फो’, मग ‘रन एनीवे’ करून ती मी ओलांडली. लगेच डिफेंडरने, म्हणजे विंडोजमधल्याच अँटिव्हायरसने, फाइलच उचलून नेली. कोपऱ्यातल्या सूचनेत ‘पीयूए’ने सुरू होणारं काहीतरी नाव होतं.

याचंही उत्तर त्या पानावर तयार होतं. अँटिव्हायरस आमच्या सॉफ्टवेअरला चुकून अडवतो, मायक्रोसॉफ्टला दुसऱ्यांची दुरुस्तीची साधनं नकोच असतात, अशा आशयाचा मजकूर आणि खाली चित्रांसकट पायऱ्या. टॅम्पर प्रोटेक्शन बंद करा. रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडरची सततची राखण, बंद करा. आमचा फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये, म्हणजे डिफेंडरने तपासायचं नाही अशा यादीत, घाला. मला ते पटलं. मोठा दुकानदार छोट्याला उभं राहू देत नाही, हे आपण बाजारात रोजच बघतो. सांगितलं तसं सगळं केलं.

दोन मिनिटांत स्कॅन संपलं आणि पडदा लालभडक झाला. १,२८४ दोष! दुरुस्ती मात्र पैसे भरल्यावर. साधारण अडीच हजार रुपये, कार्डाने. ओटीपी आलाच नाही, पैसे गेले. परदेशी संकेतस्थळांवर असं होऊ शकतं हे मला नंतर कळलं. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू होते, कारण मागे एक फॉन्ट विकत घेताना मीच ते चालू केले होते आणि बंद करायचं राहून गेलं होतं.

पैसे भरल्यावर ‘सक्रिय करण्यासाठी फोन करा’ असं आलं. पलीकडचा मुलगा अगदी अदबीने, हिंदीत बोलत होता. त्याने एक रिमोटचं ॲप टाकायला लावलं आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा माउस हलायला लागला. त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. “मॅडम, ये देखिए, सिस्टम अंदर से खराब है.” तीन वर्षांच्या देखभालीचे ९,९९९ रुपये मी यूपीआयने पाठवले, पिन स्वतःच्या हाताने घालून.

चौथ्या दिवशी कार्डातून आणखी १,७०० रुपये गेले, तेव्हा मी पुण्याच्या भाच्याला फोन केला. संगणक होता तसाच रेंगाळत होता, हे वेगळं सांगायला नको.

तो रविवारी आला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तो म्हणाला, “मावशी, आधी एक गंमत बघ.” त्याच्या लॅपटॉपवर विंडोज सँडबॉक्स नावाची सोय आहे. प्रत्येक वेळी ती एक कोरं करकरीत विंडोज उभं करते आणि चौकट बंद केली की ते पुसून टाकते. त्यात त्याने तोच प्रोग्राम चालवला. जन्मून पाच मिनिटं न झालेल्या त्या विंडोजमध्ये ६१२ दोष निघाले. मी हसले, आणि मग मला रडू आलं.

त्यानंतर त्याने सांगितलेलं मी वहीत उतरवून ठेवलंय. हे प्रोग्राम रूढ अर्थाने व्हायरस नसतात, म्हणून डिफेंडर त्यांना ‘पीयूए’ म्हणतो, म्हणजे नको असण्याची शक्यता असलेले प्रोग्राम. नावच इतकं मवाळ की माणूस घाबरत नाही. मोफत स्कॅनमध्ये भीती घालून पैसे भरायला लावणाऱ्या ‘क्लीनर’ आणि ‘ऑप्टिमायझर’ना १ मार्च २०१८पासून नको असलेलं सॉफ्टवेअर धरून काढून टाकू, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. ऑगस्ट २०२१पासून विंडोज १०मध्ये ही अडवणूक आपोआप चालू असते. त्या दोषांच्या आकड्यात निम्मी भरती रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, निरुपद्रवी जुन्या नोंदींची होती आणि उरलेली कुकीजची, म्हणजे संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदींची. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्ट उघड सांगतं. आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणा? धडधाकट संगणकातही त्या शेकड्यांनी सापडतात. त्याने स्वतःच्याच लॅपटॉपवर दाखवल्या.

टॅम्पर प्रोटेक्शनचा भाग मला सगळ्यात झोंबला. बाहेरच्या प्रोग्रामला डिफेंडर परस्पर बंद करता येऊ नये म्हणूनच ते कुलूप असतं. म्हणजे त्या लोकांना ते स्वतः उघडता येत नव्हतं, म्हणून किल्ली माझ्याकडून फिरवून घेतली. आणि रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद केलं तरी थोड्या वेळाने विंडोज ते पुन्हा चालू करतं, म्हणून एक्स्क्लूजनची पायरी. प्रोग्राम काढल्यावरही तो फोल्डर एक्स्क्लूजनच्या यादीत तसाच होता. डिफेंडर तिकडे बघतच नव्हता.

डिफेंडर अडवतो ते सगळंच वाईट असतं असं नाही, हेही सांगते. ती निळी चौकट फाइल किती जणांनी वापरली आहे, तिच्यावर कुणाची डिजिटल सही आहे का, हे बघून येते. त्यामुळे एखाद्या एकट्या माणसाने लिहिलेलं प्रामाणिक टूलही तिथे अडकतं. माझ्या एका फॉन्ट कन्व्हर्टरचं तसं झालं होतं. पण तो लिहिणाऱ्याने मला कुलपं उघडायच्या पायऱ्या चित्रांसकट पाठवल्या नव्हत्या.

मी एकटीच भोळी, असं वाटायचं. मग अमेरिकेतली प्रकरणं वाचली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं रक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेच्या कारवाईत २०१९मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरले. ऑफिस डेपोच्या दुकानात ‘पीसी हेल्थ चेक’ करताना ग्राहकाला चार प्रश्न विचारायचे. संगणक हळू चालतो का, अशासारखे. एकालाही ‘हो’ म्हटलं की निकाल ठरलेला, स्कॅन नुसता देखावा. २०२४मध्ये सायप्रसच्या रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी अशाच आरोपांवरून २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं कबूल केलं.

माझ्या पैशांचं असं झालं. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, कार्ड बंद केलं. दुसऱ्यांदा कापलेले १,७०० बँकेने वाद नोंदवून परत मिळवून दिले. यूपीआयचे गेले ते गेलेच. पिन तुम्हीच घातलात, म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याच रात्री १९३०ला फोन केला असता तर ते कुठल्यातरी खात्यात अडवता आले असते. मी चार दिवस घालवले होते. रिमोटचं ॲप काढलं, एक्स्क्लूजन पुसलं, सगळे पासवर्ड भाच्याच्या लॅपटॉपवरून बदलले.

संगणकाचं दुखणं स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत शोधलं. हार्ड डिस्क सात वर्षांची, मरायला टेकलेली, त्यात सी ड्राइव्हवर जेमतेम दोन जीबी जागा. तिच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, मजुरीसकट २,६०० रुपये. आता कोरल ड्रॉ इतक्या लवकर उघडतं की कुकरचा वेळ वेगळा काढावा लागतो.

जुनी डिस्क कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. त्या कंपनीची मेल अजून येते. परवा आलेल्या मेलप्रमाणे माझ्या संगणकात ४३१ नवीन दोष सापडलेत.