दादाची क्लोझापिन: आठ-नऊ महिन्यांनंतर

दादाला स्किझोफ्रेनिया आहे हे कळून बरीच वर्षं झाली. रिस्पेरिडोन झालं, ओलान्झापिन झालं, दोन्ही पूर्ण डोसमधे पुरेसे आठवडे देऊन बघितली तरी त्याला ऐकू येणारे आवाज काही थांबेनात, बाजूचे लोक आपल्यावर पाळत ठेवतायत असं त्याला वाटायचं म्हणून खिडक्या दिवसासुद्धा बंद. दोन औषधं नीट घेऊनही फरक पडत नसेल तर क्लोझापिन, असं सगळीकडचे डॉक्टर मानतात, तेच आमच्या डॉक्टरांनी सुचवलं. आईचा विरोध होता कारण कोणीतरी तिला सांगितलेलं की ही गोळी रक्त खराब करते.

ती भीती उगाच नाहीये. 1975 मधे फिनलंडला या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊन आठ पेशंट दगावले आणि बऱ्याच ठिकाणी ते मागे घेतलं गेलं. मग 1988 ला अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलचे निकाल आले, आधीच्या औषधांना दाद न देणारे पेशंट घेतलेले, त्यात क्लोझापिनवर 30 टक्के सुधारले आणि जुन्या क्लोरप्रोमाझिनवर फक्त 4 टक्के. म्हणून ते परत आलं, पण रक्त तपासायच्या अटीवर. आम्हाला पहिले 18 आठवडे दर आठवड्याला सीबीसी आणि मग महिन्यातून एकदा असं सांगितलंय, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 1500 च्या खाली गेले तर गोळी बंद. ताप आला किंवा घसा दुखला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी रक्त द्यायचं. लॅबवाला मुलगा घरी येतो त्यामुळे हे जमून गेलं.

पण मला खरं सांगायचंय ते पोटाबद्दल. रक्ताचं सगळे विचारतात, संडासचं कोणी विचारत नाही. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते, साधं बद्धकोष्ठ वाटतं आणि दुर्लक्ष झालं तर आतडं अडकून जिवावर बेतू शकतं. दादा स्वतःहून कधीच सांगत नाही, म्हणून मी रोज विचारते, कॅलेंडरवर टिक करते. नुसत्या इसबगोलवर भागलं नाही, डॉक्टरांनी लॅक्टुलोज (पोट साफ होण्याचं औषध) कायमचं लावलंय. दोन दिवस टिक नसली की तिसऱ्या दिवशी मी फोन करतेच, पोट फुगलं किंवा उलटी झाली तर सरळ दवाखाना. घरात कोणी ही गोळी घेत असेल तर प्लीज हे रोज विचारा, लाजू नका.

बाकीचा त्रासही आहे. रात्री लाळ इतकी गळते की उशीवर टॉवेल लागतो. झोप खूप, सकाळी दहाच्या आधी उठवणं कठीण. वजन वाढलंय, भूक सतत, शुगर वाढू नये म्हणून मेटफॉर्मिन चालू केलंय. सुरुवातीला छातीत धडधड व्हायची तेव्हा लगेच ईसीजी काढला कारण पहिल्या काही आठवड्यांत हृदयाला सूज येऊ शकते, नशिबाने तसं काही निघालं नाही.

अजून एक, सिगरेट. बिडी-सिगरेटच्या धुराने हे औषध शरीरात लवकर संपतं, म्हणजे ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो आणि त्याने अचानक सोडली तर तोच डोस अंगावर येतो. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही, त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याला हा हिशोब लागू नाही. सोडायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता फायदा. पहिले दोन-तीन महिने काहीच दिसलं नाही आणि आई रोज म्हणायची बंद करूया. 12.5 मिलीग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेतात, त्याला वेळ लागतोच. मग एक दिवस त्याने स्वतः खिडकी उघडली. आवाज अजून आहेत, पण तो म्हणतो लांब गेलेत, शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसे, त्यांचं ऐकावंच लागतं असं नाही. जीव द्यायचे विचार तो आधी बोलून दाखवायचा ते महिनोन्महिने ऐकलं नाहीये, आणि माझ्यासाठी बाकी सगळ्या त्रासाची किंमत यातच वसूल झाली. आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणून क्लोझापिनला वेगळी मान्यता आहे हे मला नंतर कळलं. पेपर वाचतो, दूध आणतो, भाचीशी पत्ते खेळतो. नोकरीचं अजून दूर आहे.

गावाला जाताना जास्तीच्या स्ट्रिप दोन वेगवेगळ्या बॅगांमधे ठेवा. 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला तर आधीचा डोस एकदम द्यायचा नसतो, परत 12.5 पासूनच चढवत न्यावं लागतं, आणि तालुक्याच्या मेडिकलमधे ही गोळी हमखास मिळेल असं धरून चालू नका.