आठ महिने टॅबलेट वापरल्यावर: माजघरातलं वाय-फाय आणि प्रायव्हसीची सेटिंगं

नागपंचमीच्या सुमारास लेकीच्या अकरावीसाठी हा दहा इंची टॅबलेट घेतला. सिम नाही, फक्त वाय-फाय, अँड्रॉइड १३. पडदा चांगला आहे, बॅटरी दिवसभर पुरते, आवाज मात्र बेताचा. बाकी सगळं नेटबद्दलच लिहिते, कारण त्यापायी मी हा टॅबलेट जवळजवळ परत करणार होते.

आमचं घर अंबाजोगाईतलं जुनं, माळवदाचं. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन-दोन हात जाड. राउटर ढाळजेत, म्हणजे पुढच्या दाराजवळच्या ओसरीत. त्याची नावं दोन: एक २.४ गिगाहर्ट्झचं, एक ५ चं. ५ चा वेग जास्त, पण एवढ्या जाड भिंतींतून ते आत पोचत नाही. २.४ हळू असलं तरी माजघरापर्यंत येतं. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. त्यानंतर ढाळजेत टॅबलेट झकास चालायचा आणि माजघरात गेला की बंद. "आई, नेट येईना गेलंय," हे रोज संध्याकाळी ठरलेलंच. माझा फोन मात्र त्याच जागी चालायचा. त्यामुळे दोष टॅबलेटचाच, असं मी धरून बसले.

राउटर बंद-चालू केला. नेटवर्क 'विसरा' करून पासवर्ड पुन्हा टाकला. लाईट जाऊन आल्यावर वेळ चुकली असेल म्हणून तारीखही तपासली. दुकानात नेला तर वाय-फायचा भागच गेलाय, बदलावा लागेल, असं सांगितलं. पैसे भरले नाहीत, हे बरं झालं.

येळवसीला भाचा आला, तेव्हा उलगडा झाला. दिवाळीत त्यानंच राउटरमध्ये परवानगीची यादी केली होती. यादीत नसलेलं यंत्र आत येऊ नये म्हणून. प्रत्येक यंत्राला एक मॅक पत्ता असतो, १२ अंक-अक्षरांचा, दोन-दोनच्या जोड्यांत लिहिलेला. राउटर यंत्र ओळखतो ते त्यावरूनच, आणि यादीही या पत्त्यांचीच. पण अँड्रॉइड १० पासून यंत्र आपला खरा पत्ता न देता बनावट पत्ता देतं, आणि तोही प्रत्येक वाय-फाय नावाला वेगळा. म्हणजे आमच्या एकाच राउटरच्या दोन नावांना टॅबलेट दोन पत्ते सांगत होता! यादी करताना तो ५ वर होता, म्हणून तेवढाच पत्ता नोंदला गेला. फोन त्या वेळी २.४ वर होता, म्हणून तो माजघरात चालत राहिला.

बनावट पत्ता ओळखायची एक खूण भाच्यानं दाखवली. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो यंत्रानं स्वतः तयार केलेला. वाय-फायच्या नावापुढचं चक्र दाबलं की तिथंच प्रायव्हसीच्या रकान्यात 'रँडमाइज्ड मॅक' (बनावट) आणि 'डिव्हाइस मॅक' (खरा) असे दोन पर्याय येतात. बरेच जण सांगतात, दुसरा निवडा आणि मोकळे व्हा. मी तसं केलं नाही. लेक हाच टॅबलेट अभ्यासिकेत नेते, आत्याकडे नेते. प्रत्येक ठिकाणी तोच खरा पत्ता दिला, तर कुणालाही तिचा माग जोडता येईल. घरापुरता बदल चालला असता, पण सवय एकच बरी. आम्ही यादीत दोन्ही बनावट पत्ते घातले, दोन मिनिटांचं काम. आणि अशी यादी म्हणजे काही पक्कं कुलूप नव्हे. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो, तो पाहून नक्कल करता येते. खरी राखण पासवर्डची, म्हणून तोही बदलला.

त्याच दिवशी 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' उघडून पाहिला. कॅमेरा, माइक, ठिकाण कुणी कधी वापरलं, ते तिथं वेळेसकट दिसतं. मामंजींसाठी घेतलेलं पंचांगाचं ॲप दिवसभर ठिकाण विचारत होतं. मामंजी म्हणाले, "सूर्योदय काढायला गाव लागतंच की त्याला." बरोबरच होतं त्यांचं. पण नेमकं घर कशाला लागतं? 'अचूक ठिकाण' बंद केलं की ॲपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा अंदाज मिळतो, आणि पूर्व-पश्चिम दोन किलोमीटर सरकल्यानं सूर्योदय पाच सेकंदही हलत नाही. पंचांग पूर्वीसारखंच चालू आहे. चित्रं रंगवायच्या ॲपला माइक कामून पाहिजे, हे मात्र कळलं नाही. ते काढूनच टाकलं.

आणखी दोन गोष्टी केल्या. जाहिरातींच्या सेटिंगमधला जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी ॲपं ज्यावरून आपल्याला ओळखतात तो क्रमांक, हटवला. ठिकाणाच्या सेटिंगमधलं 'वाय-फाय स्कॅनिंग'ही बंद केलं. ते चालू असलं, तर वाय-फाय बंद ठेवूनही आसपासची नेटवर्कं शोधली जातात.

गुढीपाडव्यापर्यंत नेट एकदाही अडलं नाही. व्हिडिओ वर्ग मात्र माजघरात कधी कधी रखडतो. तो भिंतींचा प्रश्न आहे, त्याला देवघराजवळ वायर ओढून दुसरा राउटर लावावा लागेल. दोन्ही पत्ते कागदावर लिहून देवळीत ठेवलेत. टॅबलेट फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा केला, तर ते बदलतात. तेव्हा यादीत नवे घालायचे आणि जुने काढायचे.