सीबीटीचा प्रशिक्षणवर्ग : सोलापुरातील अनुभव

सात रस्ता परिसरातील एका संस्थेत शनिवार-रविवारी चालणारा संज्ञानात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजेच त्रासदायक विचार आणि वागणूक तपासून बदलायला शिकवणाऱ्या सीबीटी या मानसोपचार पद्धतीचा, सहा महिन्यांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांसाठी विकसित केलेली ही पद्धत येथे मन लावून शिकवतात.

सर्वांत मोलाचा भाग विचारनोंदीच्या सरावाचा. एका सहाध्यायीने यंत्रमाग कामगाराची भूमिका घेतली आणि ‘मालक आज बोलले नाहीत, म्हणजे मला काढणार’ असे म्हणताच मी लगेच धीर देऊ लागले. शिकवणाऱ्या बाईंनी मला थांबवले आणि कागदावर प्रसंग, विचार, भावना, पुरावा, विरुद्ध पुरावा असे रकाने आखायला लावले. तो विचार चुकीचा आहे असे आपण सांगायचे नसून, प्रश्न विचारत समोरच्यालाच तो तपासू द्यायचा, हे मला त्या दिवशी खरे उमगले. शिवाय शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी कुटुंबे पुष्कळ असल्याने भावनांचे शब्द ज्याच्या त्याच्या भाषेत लिहून घ्यावेत, हा बाईंचा आग्रह मला फार योग्य वाटला.

पर्यवेक्षण मात्र अपुरे आहे. माझी प्रत्यक्ष सत्रे केवळ दोनदा तपासली गेली. माहितीपत्रकातील ‘प्रमाणित थेरपिस्ट’ हा शब्दही दिशाभूल करतो, कारण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी हवी असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रमच करावा लागतो. मानसशास्त्राची पदवी असलेल्या समुपदेशकांनी हा वर्ग जरूर करावा. इतरांनी शुल्क भरण्यापूर्वी पर्यवेक्षणाचे तास लेखी मागून घ्यावेत.